हिवरा आश्रमात न दिसलेले चिमणराव

'चिमणराव-गुंड्याभाऊ' लागले की उभा महाराष्ट्र टीव्हीसमोर बसायचा, असे आपण गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे एकमेकांना सांगत आलो आहोत. सांगणारे खोटे बोलत नाहीत. त्यांच्या चाळीत, त्यांच्या वाड्यात, ज्या एका घरी संच होता तिथे खरोखरच माणसे दाटीवाटीने बसत. पण 'उभा महाराष्ट्र' हे शब्द नकाशावर ठेवून पाहायला हवेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. शुकदास महाराजांनी उभा केलेला विवेकानंद आश्रम तिथे आहे. विवेकानंद जयंतीच्या उत्सवात लाखो माणसे शेतात पंगतीने बसून पुरी आणि वांग्याची भाजी खातात, त्यासाठी हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे. १९७७ साली हे गाव 'उभ्या महाराष्ट्रात' होते का? या एका प्रश्नापासून सुरुवात केली, तर मालिकेचा इतिहास वेगळाच दिसू लागतो.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास विरत जाई. १९७३ मध्ये सिंहगडावर पुनःप्रक्षेपण केंद्र उभे राहिले आणि पुणे व त्याच्या भोवतालचा मुलूख त्या टापूत आला. 'चिमणराव' मालिका १९७७ ते १९७९ या काळात दाखवली गेली, तेव्हाही मराठी दूरचित्रवाणीची पोच मुख्यतः एवढीच होती. त्या वेळी राज्यात २६ जिल्हे होते. त्यांपैकी विदर्भाचे आठ, म्हणजे बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर, या टापूच्या पार बाहेर होते. मराठवाडाही बाहेरच. ॲल्युमिनिअमच्या कांड्यांचा अँटेना कितीही उंच पाइपावर चढवला, तरी मुंबईपासून चारशे किलोमीटरांहून लांब असलेल्या मेहकर तालुक्यात पडद्यावर मुंग्यासुद्धा वरळीच्या आल्या नसत्या.

उपग्रहाचा मार्गही त्या वर्षांत विदर्भाकडे वळला नाही. १९७५-७६ मध्ये 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला आणि सुमारे २४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून चित्र उतरवले गेले. आंध्र प्रदेश, कर्नाटक, मध्य प्रदेश, राजस्थान, बिहार आणि ओरिसा ही सहा राज्ये त्यासाठी निवडली होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपक जवळजवळ दिवसाला एक या वेगाने उभे राहू लागले, तेव्हा कुठे आडवळणाच्या तालुक्यांत संच घेण्यात अर्थ आला. तोवर चिमणराव संपून पाच वर्षे झाली होती.

म्हणून पहिले विधान पुराव्याने पक्के होते: मराठीतली पहिली मालिका म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती अर्ध्याहून अधिक महाराष्ट्राने त्या काळात पाहिलीच नाही. यात कुणाला कमीपणा देण्याचा हेतू नाही. पण ज्यांनी पाहिली त्यांच्याच आठवणी छापल्या गेल्या आणि त्यांचाच इतिहास झाला. ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आठवणी लिहिण्याचा प्रश्नच नव्हता, आणि त्यांचे न पाहणे नोंदवायला कुणी बसले नव्हते.

तरीही चिमणराव विदर्भात अनोळखी नव्हते. ते तिथे दूरदर्शनच्या कितीतरी आधी पोचले होते, पुस्तकांतून. चिंतामण विनायक जोशी यांचे 'एरंडाचे गुऱ्हाळ' १९३२ मध्ये आले आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ मध्ये. पुढे 'वायफळाचा मळा', 'आणखी चिमणराव', 'गुंड्याभाऊ' अशी रांग लागली. शाळेच्या मराठीच्या पुस्तकांतून चि. वि. जोशी पिढ्यान्‌पिढ्या भेटत राहिले. १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला आणि कथासंग्रहांची कपाटे तालुक्याच्या खालीही उतरली. मुंबईच्या मुलाला चिमणराव म्हटले की दिलीप प्रभावळकरांचा चेहरा आठवायचा. मेहकरकडच्या मुलाला छापील पान आठवायचे, आणि चेहरा त्याचा त्याने कल्पनेने केलेला असायचा. एकाच पात्राच्या या दोन ओळखी आहेत आणि दोन्ही सारख्याच खऱ्या आहेत.

आता मालिकेकडे. तिच्याविषयी खात्रीने काय म्हणता येते? निर्मिती मुंबई दूरदर्शनची, निर्मात्या विजया धुमाळे. चिमणरावांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊंच्या भूमिकेत बाळ कर्वे, चिमणरावांची पत्नी कावेरी म्हणजे 'काऊ' झाल्या स्मिता पावसकर. चित्र कृष्णधवल होते. देशात रंगीत प्रक्षेपण १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले, त्यामुळे त्याबद्दल शंकेला जागाच नाही. याच जोडीला घेऊन विनय धुमाळे यांनी १९७९ मध्ये 'चिमणराव गुंड्याभाऊ' हा चित्रपट केला. दूरचित्रवाणीवरून मोठ्या पडद्यावर जाण्याचा हा उलटा प्रवास मराठीत तेव्हा नवा होता. मालिकेची लोकप्रियता मोजायला त्या काळी आजच्यासारखी साप्ताहिक आकडेवारी नव्हती. कुणीतरी पैसे घालून त्याच नटांचा चित्रपट काढला, हा लोकप्रियतेचा भक्कम पुरावा मी मानतो. आठवणींपेक्षा तो जास्त विश्वासाचा आहे, कारण पैसे घालणारा माणूस आठवणींवर घालत नाही.

मालिकेचे भाग मात्र थोडेच उरले आहेत. त्या काळात चित्रफीत महाग होती, परदेशातून यायची आणि केंद्राला मोजूनमापून मिळायची. कार्यक्रम दाखवून झाला की तीच फीत पुढच्या कार्यक्रमासाठी वापरायची, ही रीत होती. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा बारीक थर असतो. ध्वनिचित्र म्हणजे त्या कणांची विशिष्ट चुंबकीय मांडणी. नवे मुद्रण करताना फीत आधी पुसणाऱ्या शीर्षावरून सरकते, जुनी मांडणी विस्कटते आणि लगेच पुढच्या शीर्षाखाली नवी बसते. रीळ तेच, डबा तोच, फक्त डब्यावरचे नाव खोडून दुसरे लिहायचे. यात कुणाचा द्वेष नव्हता, दुर्लक्षही म्हणता येणार नाही. उद्याचा कार्यक्रम लावायचा होता आणि कोरी फीत नव्हती. ब्रिटनमध्ये बीबीसीनेही १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत हेच केले. 'डॉक्टर हू'चे नव्वदाहून अधिक भाग आजही सापडलेले नाहीत. फरक नंतरचा आहे. तिथे हरवलेल्या भागांची यादी झाली, लोकांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेले आवाज शोधले, परदेशी केंद्रांना विकलेल्या प्रती परत मिळवल्या. आपल्याकडे मुंबई दूरदर्शनच्या पहिल्या दशकातल्या हरवलेल्या कार्यक्रमांची साधी यादीही लोकांसमोर आलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे वाईट वाटणे चि. वि. जोशींच्या बाबतीत अधिकच होते, कारण हा विनोदकार व्यवसायाने दप्तराचा माणूस होता. १९ जानेवारी १८९२ चा त्यांचा जन्म पुण्याचा. पाली भाषेचे ते पंडित होते, धर्मानंद कोसंबींच्या शिष्यपरंपरेतले. बडोद्याच्या महाविद्यालयात ते पाली शिकवत. पाली शिकणाऱ्यांसाठी त्यांनी इंग्रजीत पाठ्यपुस्तक लिहिले, बुद्धचरित्र लिहिले, जातककथा मराठीत आणल्या. शिवाय बडोदे संस्थानच्या राजदफ्तराचे काम त्यांनी कित्येक वर्षे पाहिले. सनदा, पत्रे, हिशेब, आज्ञा यांची नीट वर्गवारी लावणे, वाळवीपासून आणि ओलीपासून त्यांना वाचवणे, हे ज्या माणसाचे रोजचे काम, त्याच्या हातून चिमणराव उतरले. त्यांच्या विनोदात तपशील इतका अचूक का असतो, याचे उत्तर मला या दफ्तरात दिसते. पुण्यापासून दूर बडोद्यात बसून पुण्यातल्या कारकुनाचे घर त्यांनी लिहिले, ते एखाद्या खात्याची नोंदवही लिहावी इतके नेमके. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी ते गेले, मुंबई दूरदर्शन सुरू होण्याच्या नऊ वर्षे आधी. आपली माणसे छोट्या पडद्यावर चालतील-बोलतील हे त्यांनी पाहिले नाही. मोठ्या पडद्यावर मात्र पाहिले होते.

तो पुरावाही इथे कामाचा आहे. मास्टर विनायकांनी 'लग्न पहावे करून' १९४० मध्ये आणि 'सरकारी पाहुणे' १९४२ मध्ये काढला. दामुअण्णा मालवणकर चिमणराव, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. म्हणजे प्रभावळकर आणि कर्वे यांच्यापुढे कोरी पाटी नव्हती. एक पिढी दामुअण्णांचा तिरळा डोळा आणि त्यांची चाल मनात ठेवून बसली होती. चिमणराव म्हणजे किरकोळ अंगाचा, भित्रा, मनातल्या मनात शूर असलेला कारकून. गुंड्याभाऊ म्हणजे अंगापिंडाने दणकट, मिशीवाला, हातात सोटा बाळगणारा, विचार करण्याआधी उठून उभा राहणारा ब्रह्मचारी. ही जोडी १९४० मध्येच दृश्यरूपात पक्की झाली होती. मालिकेतल्या छायाचित्रांशी ताडून पाहिले तर बाह्यरेखा तीच राहिलेली दिसते. बदलले ते वजन. दामुअण्णांच्या अभिनयात नाटकाची भरघोस हालचाल होती. दूरदर्शनचा कॅमेरा प्रभावळकरांच्या चेहऱ्याच्या एक हात अंतरावर होता. त्या अंतरावर चिमणरावांची भीती डोळ्यांतल्या एका हालचालीत दिसू शकते, आणि प्रभावळकर ती तशीच दाखवतात. छोट्या खोलीत बसून पाहायच्या माध्यमाला छोट्या घरातली गोष्ट सापडली आणि तिला साजेसा नटही सापडला, असे मी म्हणेन.

एका घरात न जुळणारी माणसे कोंडायची आणि त्यातून प्रसंग घडवायचे, ही कौटुंबिक विनोदी मालिकेची जुनी युक्ती. त्याच सुमारास जगात इतरत्र तिची घरे कशी होती ते पाहण्याजोगे आहे. नील सायमनच्या 'द ऑड कपल' या १९६५ च्या नाटकातले दोन मित्र बायकांपासून वेगळे होऊन एका घरात राहतात. एक टापटिपीचा, दुसरा गबाळा. त्याची दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत १९७० ते १९७५ चालली. ब्रिटनमध्ये १९७३ ला 'मॅन अबाउट द हाउस' आली, त्यात दोन तरुणींच्या घरात एक तरुण भाडेकरू म्हणून राहायला येतो. तिचाच अमेरिकी अवतार 'थ्रीज कंपनी' मार्च १९७७ मध्ये सुरू झाला. घरमालकाने संशय घेऊ नये म्हणून तिथे त्या तरुणाला आपण समलिंगी असल्याचे सोंग आणावे लागते. आणि त्याच १९७७ साली मुंबईत चिमणराव सुरू झाले. तिथे घर एकत्र येते भाड्याच्या गरजेतून, इथे नात्यातून. गुंड्याभाऊ चिमणरावांच्या घरात आहेत, कारण ते भाऊ आहेत. त्याला करारपत्र लागत नाही, आणि त्यांना 'आता जा' म्हणण्याची सोयही नाही. चिमणरावांच्या घरातल्या विनोदाचे मूळ या न मोडता येणाऱ्या नात्यात आहे. दोन स्वभाव कितीही विरुद्ध असोत, जेवणाची पाने एकाच ओळीत मांडली जाणार.

या घरात काऊचे स्थान काय, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कथा चिमणराव स्वतः सांगतात, म्हणून काऊ आपल्याला त्यांच्या नजरेतून दिसते. पण वाचताना कळते, की घर तीच चालवते. गुंड्याभाऊंचा सोटा आणि चिमणरावांचे बेत यांच्या मधे उभी राहून सगळ्यांची जेवणे वेळेवर होतील हे ती पाहते. छापील पानावर निवेदक तिला झाकू शकतो. कॅमेऱ्यापुढे निवेदकाचा पडदा निघून जातो आणि ती प्रत्येक प्रसंगात समोर उभी असते, बोलत नसली तरी दिसत असते. माध्यम बदलल्याने एवढे तरी आपोआप घडले. त्यात निर्मितीची सूत्रे एका स्त्रीच्या हाती होती, हा तपशील या संदर्भात वगळण्यासारखा नाही.

आणि कथा व मालिका यांच्या मधली वर्षे? चिमणरावांच्या कथांत बहिणीचे, चिमीचे, लग्न जमवण्याची धावपळ आहे, वरपक्षाचे नखरे आहेत, हुंड्याचा घोर आहे. या कथा लिहिल्या जात होत्या त्या सुमारास, १९२९ साली, शारदा कायदा झाला आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरले. १९४९ मध्ये ते १५ झाले. १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला, १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा आला. आणि मालिका पडद्यावर असतानाच, १९७८ मध्ये, किमान वय मुलींसाठी १८ आणि मुलांसाठी २१ करण्यात आले. म्हणजे प्रेक्षक जे लग्न पाहून हसत होते, त्यातले निम्मे व्यवहार तोवर कायद्याने बंद झाले होते आणि त्यातले बरेचसे त्यांच्याच नात्यागोत्यात चालू होते. वर्तमानपत्रात लग्नाच्या वयाची बातमी आणि पडद्यावर उपवर मुलीच्या घरची तारांबळ, दोन्ही एकाच घरात पोचत होती. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होऊन गेले होते आणि स्त्रियांच्या स्थितीवरचा 'टुवर्ड्‌स इक्वॅलिटी' हा सरकारी समितीचा अहवाल आला होता. मालिकेने यावर भाषण केले असा पुरावा नाही, आणि तसे तिने करायलाही नको होते. तिने धोतर-टोपीतला जुना काळ जसाच्या तसा दाखवला. काळातले अंतर प्रेक्षकाने स्वतः मोजायचे होते. जुन्या घराकडे मायेने पाहता पाहता त्यातली अडचणही दिसावी, हे चि. विं.च्या लेखनातच होते. त्यांचा विनोद माणसाला हसतो, पण तुच्छ करत नाही, आणि म्हणून ज्या चालीरीतीला हसतो ती चाल नंतर डोळ्यांना टोचत राहते.

राष्ट्रीय पातळीवर दूरचित्रवाणी मालिकांचा इतिहास लिहिताना बहुतेक जण १९८४ पासून सुरुवात करतात. 'हम लोग' ७ जुलै १९८४ रोजी सुरू झाली आणि त्याच वर्षी 'ये जो है जिंदगी' आली, जिच्यात रंजित आणि रेणू या जोडप्याच्या घरात रेणूचा भाऊ राजा मुक्काम ठोकून असतो. नवरा, बायको आणि घरातला एक बिनलग्नाचा नातेवाईक, हा साचा मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकांना सात वर्षे आधीच ओळखीचा होता. पण 'ये जो है जिंदगी' देशभर दिसली, तिच्या फिती राहिल्या, म्हणून ती इतिहासात राहिली. चिमणराव एका शहराच्या केंद्रावरून दिसले आणि त्यांच्या बहुतेक फिती पुसल्या गेल्या, म्हणून ते तळटिपेत गेले.

यानंतर मराठीतल्या पडद्यावरच्या घरात कोण राहू शकते, याची नोंद पाहिली तर बदल पायरीपायरीने दिसतो. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त चार तरुणांना पुण्यात जागा मिळत नाही, कारण ते एकटे आहेत. दोघांना बायकांचे सोंग घ्यावे लागते. तिची कथा बंगालीतल्या १९५५ च्या 'जय मा काली बोर्डिंग'पर्यंत आणि हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'पर्यंत मागे जाते. म्हणजे तीन दशके, तीन भाषांत, लग्न न झालेल्या तरुणाला घर न मिळणे ही अडचण सगळ्यांना पटत होती. गुंड्याभाऊंना ती अडचण कधी आली नाही, त्यांना भावाचे घर होते. २००१ मध्ये अल्फा मराठीवर 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. तिचे मूळ प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या लेखनात होते आणि आबांची भूमिकाही त्यांचीच. चिमणराव केले तेव्हा तिशीतला असलेला नट आता घरातला आजोबा झाला होता. आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशा तीन पिढ्या एका घरात होत्या, आणि न जुळणे आता भावाभावांतले नसून पिढ्यांमधले होते. २०१५ मध्ये झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. मुंबईतल्या एका घरात सहा तरुण मुले-मुली, रक्ताचे नाते कुणाशीच नाही. सोंग घेण्याची गरज उरली नव्हती. गावाकडचे आई-वडील ती मालिका पाहत होते, त्यांची स्वतःची मुले पुण्या-मुंबईत अशाच घरांत भाडे वाटून राहत होती, आणि मालिकेतले घर पाहून त्यांना तिथले थोडेफार कळत होते.

या वेळी हिवरा आश्रम टापूच्या बाहेर नव्हते. उपग्रह वाहिन्यांनी अंतर मिटवले होते. मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी १९९४ मध्येच उपग्रहावर गेली आणि २००० मध्ये तिचे नाव 'सह्याद्री' झाले. १९९९ मध्ये झीची मराठी वाहिनी सुरू झाली होती. मेहकर तालुक्यातल्या घराने 'माजघर' नावाचे ते मुंबईचे घर पाहिले, ते दादर-पार्ल्याच्या घराने पाहिले त्याच रात्री, त्याच मिनिटाला. १९७७ आणि २०१५ यांमधला सर्वांत मोठा सामाजिक बदल पडद्यावरच्या घरात शोधला जातो. मला तो प्रेक्षकांच्या नकाशात जास्त दिसतो. एका बदलाने एकत्र राहणाऱ्यांची यादी वाढली, दुसऱ्याने एकत्र पाहणाऱ्यांची. पहिल्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, दुसऱ्यावर फारच थोडे.

'चिमणराव'चे जे भाग पुसले गेले ते परत येणार नाहीत. पण मालिकेचा सांगाडा अजूनही उभा करता येईल आणि त्यासाठीची कागदपत्रे अशी आहेत, जी कुणी पुसली नाहीत. त्या काळी मुंबई-पुण्याची मराठी वर्तमानपत्रे रोजचा दूरदर्शन कार्यक्रम छापत. त्या चौकटीतून कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता कार्यक्रम लागला ते मिळते. १९७७ ते १९७९ या तीन वर्षांचे अंक मोठ्या ग्रंथालयांच्या बांधीव फायलींत आहेत. ते ओळीने पाहिले तर भागांच्या तारखांची यादी होईल. वाचकांच्या पत्रव्यवहारातून आणि साप्ताहिकांतल्या दूरदर्शन-सदरांतून कोणत्या भागात कोणती कथा होती ते जुळवता येईल. कथा तर आपल्या हातात आहेतच. 'स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग' किंवा 'माझे दत्तक वडील' यांसारख्या कथांचे पान आणि सदरातली दोन ओळींची नोंद शेजारी ठेवली की रूपांतरात काय उचलले आणि काय सोडले याचा अंदाज बांधता येतो. नटांनी जपलेल्या संहितेच्या प्रती, संवादांच्या बाजूला पेन्सिलीने केलेल्या खुणा, सेटवरची छायाचित्रे, दूरदर्शनने पाठवलेली मानधनाची पत्रे, हे सगळे घराघरांत असू शकते, आणि घर आवरताना पहिले रद्दीत जाते तेही हेच. प्रभावळकरांनी 'एका खेळियाने'मध्ये आपल्या भूमिकांविषयी लिहून ठेवले आहे, तो आधार मोठा आहे. बाळ कर्वे ऑगस्ट २०२५ मध्ये गेले.

या कामात दुसरी एक रकानाभर नोंद विदर्भ-मराठवाड्यातून यायला हवी. १९८५ पर्यंत टीव्ही संचाला परवाना लागे आणि तो टपाल कार्यालयातून मिळे, म्हणजे कोणत्या तालुक्यात संच केव्हा आले याची सरकारी नोंद कधीकाळी होती. तालुक्याच्या वाचनालयांच्या दाखल नोंदवह्यांत चि. वि. जोशींची पुस्तके कोणत्या साली घेतली, किती वेळा बाहेर गेली, कोणत्या साली बांधणीला टाकली, हे शाईने लिहिलेले असते. परवान्यांची वही आणि वाचनालयाची वही शेजारी ठेवली, तर पुस्तकातले चिमणराव एका गावात किती वर्षे एकटेच राहिले आणि पडद्यावरची माणसे तिथे केव्हा आली, हे सालासकट लिहिता येईल. मेहकर तालुक्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.